बाबांनी कॉफी खाली ठेवली

त्याला मी पहिल्यांदा जे बोलले ते असं होतं – "ए गाढवा, ही गाडी तुझी का?"

लाडाने नाही हं. गाढव म्हणजे गाढवच. ऑगस्टची दुपार, बैरूतच्या अश्रफिये भागातल्या चढावरची अरुंद गल्ली, तिथे माझी डबडी गाडी आणि तिच्या नाकाला नाक लावून उभी केलेली एक लांबलचक पांढरी गाडी. मागे भिंत. पुढच्या सीटवर बाबा, मागे नाझिक आत्या. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायला लागला होता.

तो समोरच्या दुकानातून आरामात आला. हातात द्राक्षांची पिशवी, तोंडात एक द्राक्ष.

"दोन मिनिटं तर झाली," तो म्हणाला.

"कुठली दोन मिनिटं?"

"बैरूतची."

"मग बैरूतला सांग, माझी आत्या मागे शिजतेय!"

तो वाकला आणि खिडकीतून आत बघत म्हणाला, "नमस्कार आत्या. शिजलात का?"

"एक वाफ बाकी आहे," आत्या म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसऱ्याची वाट अडवायची आणि वर विनोद करायचे. चोराच्या उलट्या बोंबा!"

"बोंबा तर तू मारतेयस," तो म्हणाला. "मी द्राक्षं खातोय... घे ना. चिडलं की साखर कमी होते म्हणतात."

"मी औषधांच्या दुकानात काम करते. साखर मला शिकवू नकोस."

पण द्राक्षं मी घेतली. गार होती हो, काय करणार.

बाबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते समोरच्या पिवळ्या इमारतीकडे बघत होते – बाल्कन्यांना ॲल्युमिनियम लावलेलं, वर नवे मजले चढवलेले, खाली मोबाईलचं दुकान. "इथेच कुठेतरी होतं आपलं घर," ते पुटपुटले. "पाडलं वाटतं. बरं झालं."

बाबांचं हे असंच चाललं होतं. युद्धात या शहराचे पूर्व-पश्चिम, म्हणजे ख्रिश्चन आणि मुसलमान, असे दोन तुकडे झाले, तेव्हा शहात्तर साली ते पूर्वेकडचं घर सोडून आजीला आणि आत्याला घेऊन थेट आफ्रिकेत, आबिजानला गेले. तिथे दुकान काढलं, लग्न केलं, मी झाले. मी शिकायला म्हणून बैरूतला आले आणि इथलीच झाले. युद्ध संपून तेरा वर्षं झाली, तरी बाबा काही फिरकले नाहीत. गेल्या हिवाळ्यात आई गेली आणि मग अचानक फोन – "येतोय. शहर दाखव." आता मी दाखवायला निघाले की हेच मला रस्ता सांगणार, आणि तोही नसलेल्या शहराचा! "बेकरीपाशी डावीकडे." कुठली बेकरी? ती जळून माझं अख्खं वय झालं. "मग सिनेमापाशी वळ." तिथे आता बँक आहे. मी बँकेपाशी वळले की म्हणणार, चुकलीस.

"नाव काय रे तुझं?" आत्याने मागून विचारलं.

"नखले."

मला हसू फुटलं. रागात हसू आलं की आणखी राग येतो. "हे काय तरुण माणसाचं नाव आहे?"

"आजोबांचं आहे," तो म्हणाला. "त्यांना लागत नाही, म्हणून मी वापरतो."

आत्या त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरा, तुझ्या गाडीत थंड हवा लागते का?"

"सर्दी होईल इतकी."

"मग उद्यापासून आम्हाला फिरव. नुकसानभरपाई समज."

"आत्या!" मी किंचाळले.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं. प्रश्न आत्याला होता, पण बघत होता तो माझ्याकडे – आणि माझ्या बोटांना द्राक्षाचा रस चिकटला होता, तो पुसायचंही मला सुचलं नाही.

मग आमची वरातच निघाली. पुढे त्याची पांढरी गाडी, तिच्यात आत्या – गारेगार, हसतेय, पिस्ते खातेय. मागे माझी डबडी, तिच्यात मी आणि बाबा – काचा खाली, घाम, धूर आणि भांडण. समुद्रातले खडक बघितले, भांडलो. जेइताच्या गुहेत गेलो, तिथे मोठ्याने बोलायचं नसतं म्हणून कुजबुजत भांडलो. नव्याने बांधलेल्या बाजारपेठेत तर बाबा एका कॉफीच्या किमतीवरून वेटरशी, माझ्याशी आणि शेवटी आकाशाशी भांडले.

नखले शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टी होती, म्हणे. असेलही. पण भर उन्हात दुसऱ्याच्या आत्याला घेऊन कोण फिरतं? एवढं मलाही कळत होतं.

एका संध्याकाळी समुद्राकाठी आत्या आणि बाबा बाकावर बसले होते. आम्ही दोघं कठड्यापाशी उभे राहून भाजलेलं कणीस खात होतो.

"तू...," त्याने सुरुवात केली.

"थांब. 'कुणाच्या घरची' असं विचारणार असशील तर समुद्रात ढकलेन."

हा आमच्या देशाचा राष्ट्रीय प्रश्न. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच हिशेब – मशीद की चर्च, कुठलं गाव, युद्धात कुणाच्या बाजूचे. मग चेहऱ्यावरचं हसू तेवढंच राहतं, पण आतून दार लागलेलं असतं. मला त्या प्रश्नाची मनापासून चीड आहे.

"मला पोहता येतं," तो म्हणाला.

"तरी ढकलेन."

"मी विचारत होतो, तू अजून कणीस खाणार का."

"...खाईन."

"मग ठरलं. मी नखले, तू लमीस. आडनावं गेली खड्ड्यात."

"खड्ड्यात," मी म्हटलं. त्याच्या हनुवटीला कणसाचा एक दाणा चिकटला होता. तो मी काढला. का काढला, देव जाणे.  लाटेचे तुषार उडून दोघांचे चेहरे ओले झाले तरी कुणी मागे सरकलं नाही.

गुरुवारी आम्ही संग्रहालयात गेलो. युद्धात ते बरोबर दोन तुकड्यांच्या सीमेवर होतं. बाबा दारातच थबकले. "इथून रस्ता ओलांडायला माणसं जीव मुठीत घेऊन धावायची," ते म्हणाले, "आणि आता इथे तिकीट काढायचं?" आत्याने त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

मी मागे राहिले. माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. नखले माझ्याबरोबर चालत होता. आजूबाजूला दगडी शवपेट्या होत्या. गार, शांत. फक्त मीच फणफणत होते.

"तू इतकी चिडलेली का असतेस?"

"मी चिडलेली नाहीये. आवाजच असा आहे."

"सकाळपासून तीनदा म्हणालीस, रविवार आला. काय आहे रविवारी?"

मग मी सांगून टाकलं. बाबांनी परतीची तिकिटं तीन काढली होती. तिसरं माझं. परत यायचं नाही असं. मला न विचारता! आई गेल्यापासून घर खायला उठतं, दुकान एकट्याला झेपत नाही, मुलीने आता बापाजवळ राहायचं – ठरलं. सामान बांध, रविवारी विमान.

"मग तू काय म्हणालीस?"

"ओरडले."

"आणि ते?"

"तेही ओरडले. आत्याने टीव्हीचा आवाज वाढवला."

 समोर एक पुतळा होता, नाक तुटलेला. त्याच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "नको ना जाऊस..."

"हे तू त्या पुतळ्याला सांगतोयस का?"

"त्याला सांगणं सोपं आहे. तो ओरडत नाही."

मी पुतळ्याच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. तो मला आवडला होता. झालं, सांगून टाकलं. आणि या गोष्टीचा मला इतका संताप आला म्हणून सांगू! सात वर्षं मी या शहरात, हाही इथेच, मधे फक्त एक रस्ता. तोफा बंद झाल्या, पण आम्ही अजून आपापल्या बाजूलाच भाजी घेतो, आपापल्या बाजूलाच कॉफी पितो. आणि भेटायचं ते आत्ता, रविवार तोंडावर आल्यावर?

"तू आधी कुठे कडमडला होतास?" मी विचारलं.

"गाडी लावायला जागा शोधत होतो," तो म्हणाला. मी त्याला कोपरखळी मारली. ती चांगली लागली असावी, पण त्याने माझा हात तसाच धरून ठेवला. आत्याने हाक मारेपर्यंत सोडला नाही.

शनिवारी त्याने सगळ्यांना घरी कॉफीला बोलावलं. बाबा नाही म्हणाले. आत्या म्हणाली, "आठवडाभर पोराचं पेट्रोल जाळलं आणि त्याच्या घरची कॉफी नाकारतोस? लोक काय म्हणतील?" बाबांनी बूट चढवले.

नखले आम्हाला मागच्या गल्लीने घेऊन गेला, पुढे खणलेलं होतं. वीज गेलेली, लिफ्ट बंद. जिन्यात लिंबाचा आणि जुन्या पाण्याचा वास. बाबा दोन-चार पायऱ्या चढले आणि उभे राहिले. पायाखाली काळ्या-तांबड्या फरशा होत्या, कडा झिजलेल्या. बाबांनी कठड्यावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाझिक," ते म्हणाले, "हे आपलं..."

"चढ," आत्या म्हणाली.

दार उघडलं आणि एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. उंच, वाकलेला, आणि कान हे एवढे मोठे – थेट नखलेचे.

"अबू मित्री," बाबांच्या तोंडून निघालं.

आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. मित्रीचा बाप तो अबू मित्री. अख्खी गल्ली जन्मभर तेच म्हणते, खरं नाव त्याचं त्यालाही आठवावं लागतं. अबू मित्री बाबांचा घरमालक होता. त्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर बाबा लहानाचे मोठे झाले. पण त्याचं खरं नाव नखले आहे हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. आणि आडनाव? ते तर मीच खड्ड्यात घालायला लावलं होतं! दोष कुणाला देऊ?

"तुला माहीत होतं," बाबा आत्यावर गरजले.

"पहिल्याच दिवशी," आत्या म्हणाली. "ती पिवळी इमारत समोर होती तरी घर तू ओळखलं नाहीस. मी त्या पोराचे कान ओळखले."

 म्हाताऱ्याने हाताने फक्त 'बसा' अशी खूण केली. नखले माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच – आता संपलं सगळं.

कॉफी आली. वेलचीचा वास खोलीभर पसरला. बाबांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला... आणि न पिता खाली ठेवला. बशीवर टक्क् आवाज झाला.

आता हे समजून घ्या. डोंगरातल्या गावांची जुनी रीत आहे. मुलीला मागणी घालायला मुलाकडचे येतात, कॉफी समोर येते, तेव्हा त्यांच्यातला मोठा माणूस कप खाली ठेवतो. म्हणजे काय, तर आमचं मागणं पुरं करा, मगच पितो. आणि यजमानाने 'प्या, दिलं' म्हटलं की शब्द पक्का.

बाबा शहरात वाढलेले. त्यांच्या डोक्यात फक्त राग होता. अबू मित्री मात्र अस्सल डोंगरातला. त्याने कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग लालबुंद झालेल्या नातवाकडे, जो म्हणे आठवडाभर घरात माझ्याशिवाय दुसरं काही बोललाच नव्हता. म्हातारा विचारात पडला.

"आमच्या काळी मुलाकडचे कप ठेवायचे," तो शेवटी म्हणाला. "आता मुलीकडचे ठेवतात वाटतं. असो... पी, हिकमत. दिला."

"काय दिला?" बाबा म्हणाले.

"मुलगा."

आत्याला ठसका लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मुलगा?" बाबा ताडकन उठले. "मला तुझा मुलगा नकोय! मला उत्तर हवंय! तू वर आलास त्या दिवशी. जेवायची वेळ. माझी आई नमाज पढत होती. दारात उभं राहून म्हणालास, निघा. तासभर दिलास आम्हाला! सत्तावीस वर्षं मी विचारतोय, बंदुका घेतलेल्या पोरांनी तुला पाठवलं होतं, की तू आपणहून आलास?"

खाली कुणाचा तरी जनरेटर घरघरत होता. म्हाताऱ्याने काठी दोन्ही हातांत धरली.

"आपणहून," तो म्हणाला. "पोरं दुसऱ्या दिवशी येणार होती. कदाचित आलीही नसती. पण मला माझी मुलं होती आणि मी घाबरलो होतो. तुम्ही गेलात आणि मला हायसं वाटलं. हेच खरं आहे. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही."

त्याने काठीची मूठ अंगठ्याने घासली.

"शेगडीवर भरलेल्या कोबीचं पातेलं राहिलं होतं," तो पुन्हा म्हणाला. "मी गॅस बंद केला. आणि... खाल्ला तो कोबी. टाकवेना. मीठ कमी होतं."

"मीठ?" आत्या उसळली. "माझ्या कोबीत मीठ कमी?"

"नाझिक, गप्प बस!" बाबा माझ्याकडे वळले. "बघ लमीस, बघ या माणसाला! भरल्या ताटावरून माणसाला उठवायचं, विचारायचं नाही, पुसायचं नाही, घर सोडून जा म्हणायचं... हा काय माणूस आहे?"

आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून नाही. आठवडाभर साठलेलं होतं.

"त्यांनी तुम्हाला तासभर तरी दिला होता, बाबा. तुम्ही मला रविवार दिलाय. तेही न विचारता. हे माझं शहर आहे. माझं काम इथे आहे, माझं भांडण इथे आहे, माझं... सगळं इथे आहे. त्यांना तर बंदुकांची भीती होती. तुम्हाला कसली भीती आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयार होते. पण त्यांनी मान खाली घातली.

"त्या रिकाम्या घराची," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. बाबा हळूहळू खाली बसले. किती तरी वेळ कपाकडे बघत होते. मग त्यांनी तो उचलला आणि गार झालेली कॉफी एका दमात पिऊन टाकली, गाळासकट.

"प्यायलास!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. "आता दोन्ही पदरात पडलं – उत्तरही आणि मुलगाही."

"अहो, मला कुणी विचारलंय का?" मी ओरडले. "इथे मला माणूस म्हणून कुणी मोजतं की नाही?" आणि दार आपटून जिन्यात आले.

तो मागोमाग आलाच. अंधार होता. भिंतीला टेकून मी डोळे पुसत होते.

"लमीस... आजोबांचा शब्द त्यांचा आहे. तुला नको असेल तर मी आत जाऊन सांगतो, मी मोडला म्हणून."

"मला नको असं मी म्हणाले का?"

"मग?"

"विचारलं नाही म्हणाले! दोन्ही वाक्यांत फरक आहे, भूगोलाच्या मास्तरा."

तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. श्वासाला कॉफीचा वास होता. "दोन धर्मांचं लग्न लावणारं या देशात कुणी नाही," तो म्हणाला. "विमानाने सायप्रसला जावं लागेल. आल्यावर तुझ्या बाजूचे बोलतील, माझ्या बाजूचे बोलतील. जन्मभर. आणि तू रोज ओरडशील... तरी विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

"हो," मी म्हटलं. इतक्या जोरात, की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एका बाईने विचारलं, काय झालं म्हणून.

"लग्न!" मी वरून ओरडले. मग त्याने माझं तोंड बंद केलं. कसं, ते सांगायची गरज नाही.

वर काठीचा आणि बुटांचा आवाज झाला. आम्ही झटकन दूर झालो. बाबा उतरत होते, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून. डोळे लाल, भुवया चढलेल्या.

"मी उद्या येणार नाहीये, बाबा."

"माहीत आहे. ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये."

"हं." त्यांनी नखलेकडे नखशिखांत बघितलं, विशेषतः कानांकडे. "सायप्रसला मी येईन. त्या म्हाताऱ्यालाही घेऊन या. माझ्या शेजारची खुर्ची त्याला द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, कळलं? मला अजून खूप भांडायचंय त्याच्याशी."

"बाबा, ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

"मग लवकर उरका ना!" बाबा ओरडले.